खोडलेलं कलम

व्होलोस, १४ सप्टेंबर २०१२

कुंबारे अनेस्टिस,

फोन तू उचलत नाहीस. दोनदा कुणी जर्मन बाई बोलली, तिला माझं कळलं नाही आणि मला तिचं. म्हणून तुझ्या आईकडे गेले, तिने भरलेले टोमॅटो वाढले, आणि ती ताट धुवायला वळली तेव्हा फ्रीजवरच्या पाकिटावरून हा पत्ता उतरवून घेतला. तिला बोल लावू नकोस. पाठ तिने बहुतेक मुद्दामच फिरवली, पण तोंडाने काही सांगितलं नाही.

मुद्द्याचं बोलते. मला तुझी एक सही हवी आहे.

सहा वर्षांपूर्वी माझा किमोन गेला आणि वर्षाच्या आत बाबांचं नेआ इओनियातलं बैठं घर मी तुला पाडायला दिलं. इथे सगळे करतात तोच व्यवहार. जागा माझी, बांधणं तुझं, पैसा कुणी कुणाला द्यायचा नाही. चार मजले उभे राहिले की आठ घरांतली तीन आणि खालचं दुकान माझं, पाच घरं तुझी. आमच्या अख्ख्या गल्लीने असंच केलं आणि आज सगळ्यांच्या गॅलरीत कपडे वाळताहेत. आपल्या इमारतीत कबुतरं राहतात.

नोटरीबाईंनी करारात आठवं कलम घातलं होतं, आठवतं ना? तीन वर्षांत किल्ल्या हातात आल्या नाहीत तर करार आपोआप मोडेल. त्या वाचत होत्या तेव्हा मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, हे खोडा. आमच्या लग्नात आमच्या डोक्यांवरचे फुलांचे मुकुट ज्याने तीनदा अदलाबदल केले, माझ्या स्मारोला बाप्तिस्म्यात तेल लावून ज्याने पाण्यात बुडवलं आणि नाव दिलं, त्या कुंबारोसकडून मी मुदत लिहून घेऊ? नोटरीबाईंचा पेन हवेतच राहिला. म्हणाल्या, "बाई, हे कलम भांडण्यासाठी नसतं, भांडण होऊ नये म्हणून असतं." तू आपल्या बुटांकडे बघत होतास. कलम खोडलं गेलं आणि आपण तिघांनी खाली कॉफी घेतली.

त्या एका रेघेपायी आता घोडं अडलंय. दोन वर्षं झाली, सांगाडा तसाच उभा आहे. बांधकामाचा परवाना ३१ मार्चला संपतो. तो माझ्या नावाने वाढवून घ्यायचा तर 'मी या कामातून बाजूला होतो' असं तू लिहून द्यायला हवं. सही नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर विजेचा मीटर नाही, मीटर नाही तर भाडेकरू नाही. कोर्टात गेले तर सात वर्षं, असं वकील म्हणतो, आणि तो आशावादी माणूस आहे.

बँकेत जाऊन आले. पोराच्या वयाच्या साहेबाने खुर्ची दिली, पाणी दिलं, कर्ज दिलं नाही. ज्या घरात दिवा लागतो त्याच घरावर आम्ही पैसे देतो, म्हणाला. मला दिवा लावायलाच पैसे हवेत, हे त्याला दोनदा सांगितलं. बँक सध्या स्वतःच अंथरुणाला खिळलीय, तिच्याकडून काय अपेक्षा करायची.

दुसरीकडे लारिसाचा एक फरशीचा व्यापारी अख्खा सांगाडा मागतोय. नव्वद हजार युरो. तुझ्याशी काय ते कोर्टात तो बघून घेईल, त्याला वकील परवडतो.

आणि तिसरं माझं स्वतःचं. एक घर आधी पुरं करायचं आणि विद्यापीठातल्या एखाद्या पोरीला भाड्याने द्यायचं. त्या भाड्यातून दुसरं, दोन्हींच्या भाड्यातून तिसरं. वेळ लागेल. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसाला चारशे चादरी इस्त्री करते, एकामागून एक काम करायचं मला भय वाटत नाही.

सोबत वकिलाने टाइप केलेला कागद आहे. खाली रेघ मारली आहे, तिथे सही कर.

हारिक्लिया


स्टुटगार्ट, २ ऑक्टोबर २०१२

कुंबारा हारिक्लिया,

पत्र मिळालं. मी इथे फार गडबडीत असतो, तीस माणसं हाताखाली आहेत, म्हणून फोन उचलणं जमत नाही. राग मानू नकोस. स्मारो सतरा वर्षांची झाली असेल. तिच्यासाठी पन्नास युरो ठेवतोय.

आता धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, ऐक. एकेक घर पुरं करणं ही भिकाऱ्याची रीत आहे. आठ घरांच्या खिडक्या एकदम घेतल्या तर सुतार तीस टक्के सोडतो, एका घराच्या खिडक्यांना तो दार उघडत नाही. जिना उघडा, लिफ्टच्या जागी खड्डा, अशा इमारतीत पोरगी ठेवायला कोणता बाप तयार होईल? आणि विद्यार्थी दोन वर्षांत घराची काय दशा करतात ते मी भाड्याची घरं रंगवून पाहिलंय. लहान माणसाने या धंद्यात एक तर मोठं कर्ज काढून झटपट पुरं करावं, नाहीतर विकून मोकळं व्हावं. मध्ये लोंबकळणारा मरतो.

कर्ज आज मिळत नाही. लारिसावाला तर चोरच. तो नव्वदला घेईल आणि पाच वर्षांत चारशेला विकेल. म्हणून माझा सल्ला हा, की विकू नकोस आणि सुरूही करू नकोस. थांब. दिवस पालटतील. दोन वर्षांत मी इथून पैसा घेऊन येतो आणि आठही घरं पुरी करतो.

सहीचं म्हणशील तर ती आज जमणार नाही. सही दिली की माझी पाच घरं गेली. माझ्याही बाजूने विचार कर.

परवाना ही काही मोठी गोष्ट नाही, वाढवून मिळतो. काळजी घे.

अनेस्टिस


व्होलोस, २१ ऑक्टोबर २०१२

कुंबारे,

पन्नास युरोंच्या सिमेंटच्या गोण्या आल्या. स्मारो म्हणाली, नाव देणाऱ्या नोनोसने पहिल्यांदाच इमारतीवर खर्च केला. जीभ बापावर गेली आहे.

थांब म्हणतोस. कुठे थांबू ते पण सांग. इस्पितळामागच्या तळघरात आम्ही दोघी पाच वर्षं थांबलोय. इथे खिडकीतून लोकांच्या चपला दिसतात. आता पावसाळी दिवसांत भिंतीला हात लावला तर हात ओला होतो.

तुला मागच्या पत्रात एक गोष्ट मी सांगितली नव्हती. सुरू मी केलंय. ऑगस्टमध्येच.

झालं असं की धुलाईखान्याचा नळ फुटला आणि कार्दित्साचा आर्गिरिस नावाचा नळवाला आला. काम करताना कपाळाला हात लावून बसला. त्याच्या फ्रोसोला इथे नर्सिंगला जागा मिळाली आणि दोनशेवीस युरो भाडं त्याला झेपेना. गावाकडे नळाचं काम कुणी काढत नाही, काढलं तर पैसे देत नाही. मी इस्त्री खाली ठेवली. त्याला म्हटलं, मी तुला दोन वर्षं देते, तू मला नळ दे. त्याला आधी कळलं नाही. मग कागदावर मांडून दाखवलं. पहिल्या मजल्यावरच्या दोन घरांचे नळ, संडास, सांडपाणी सगळं तो करणार, आणि त्यातल्या एका घरात फ्रोसो दोन वर्षं भाडं न देता राहणार.

माझ्या बाबांनी माती दिली होती, तू भिंती देणार होतास. तोच व्यवहार आहे, फक्त माझ्याकडे द्यायला आता माती नाही, तर वर्षं देते. आर्गिरिसच्या ओळखीने ट्रिकालाचा वीजवाला आला, त्याच्या दोन पोरांसाठी तीन वर्षं घेऊन गेला. खिडक्यांचा सुतारही तयार आहे. तू म्हणतोस एका घराच्या खिडक्यांना सुतार दार उघडत नाही. याची भाची पुढच्या वर्षी शेतकीला यायची आहे, याने चहासुद्धा पाजला.

सिमेंट-वाळूचा खर्च तेवढा रोख. तो पगारातून.

फ्रोसो सध्या आमच्याच तळघरात झोपते, तिसरी खाट टाकलीय. तिच्या बापाला मी शब्द दिलाय की पुढच्या सप्टेंबरच्या आत तिला दिवा लागणारं घर मिळेल. माझा शब्द तुझ्या सहीवर अडकलाय, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

आणखी एक. दर रविवारी एक म्हातारा येऊन तिसऱ्या मजल्यावर बसतो. निळी टोपी, हातात काही नाही. गिलाव्याची रिकामी बादली उपडी घालतो आणि बंदराकडे तोंड करून तासभर बसतो. विचारलं तर म्हणतो, बघतोय. लारिसावाल्याने टेहळणीला ठेवलेला असणार. गेल्या रविवारी मी त्याला झाडू घेऊन खाली पिटाळलं.

तुझ्या पाच घरांचं म्हणशील तर ती हवेत आहेत, अनेस्टिस. खाली उतर आणि सही कर.

हारिक्लिया


स्टुटगार्ट, ९ नोव्हेंबर २०१२
(चित्राच्या कार्डावर)

त्या म्हाताऱ्याला हाकलू नकोस. तो लारिसाचा नाही. कारण विचारू नकोस.

अ.


व्होलोस, २५ नोव्हेंबर २०१२

कुंबारे,

कारण विचारू नकोस असं लिहायला कार्ड आणि तिकीट वाया घालवलंस. कार्ड आलं त्या रविवारी मी सकाळीच तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसले.

तो आला. मला बघून जिन्यातच टोपी काढली आणि परत फिरला. मी हाक मारली. मागच्या वेळी त्याला काय काय बोलले होते ते तुला लिहिलं नव्हतं. हरामखोर म्हटलं होतं, फुकटचं गिधाड म्हटलं होतं. त्याने उलट एक शब्द काढला नव्हता, म्हणून मला जास्तच चेव आला होता. आता माफी मागितली. तो म्हणाला, "घर तुमचं, तुम्ही बोलणारच."

नाव प्रोद्रोमोस. एकतीस वर्षं जहाजांवर स्वयंपाकी होता. बायको नाही, बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहतो, आणि बहिणीला नातवंडं झाल्यापासून ती खोलीही अडचणीची झालीय. तिथून कुठलं जहाज लागलं ते दिसत नाही, इथून दिसतं, एवढंच त्याने आपण होऊन सांगितलं. इथेच का येता, असं तीनदा विचारलं. शेवटी म्हणाला, "अनेस्टिसला विचारा. त्याने नाही सांगितलं तर माझ्याकडेही सांगण्यासारखं काही नाही."

म्हणून विचारते.

आणि हेही ऐक. लारिसावाल्याने आकडा एकशेपाच केलाय. सेंट निकोलसच्या दिवसापर्यंत म्हणजे ६ डिसेंबरपर्यंत उत्तर दे म्हणतो. रात्रीच्या जेवणाला स्मारो म्हणाली, आई, घेऊन टाक, आपण कुठे तरी दोन खोल्या घेऊ, खिडकीतून माणसांची तोंडं दिसतील अशा. मी तिला रागावले नाही. तिचं चुकत नाही. माझ्या हाताला आता चादरीचं ओझं जाणवतं आणि सहा महिन्यांत इस्पितळ आमच्यातल्या निम्म्या बायका कमी करणार असं ऐकते. नोकरी गेली तर वाळू कशातून आणू?

मला विकायचं नाही. बाबांनी ती जागा दुसऱ्यांची भांडी घासून घेतली होती. पण फ्रोसोच्या बापाला खोटं पाडण्यापेक्षा मी विकून त्याच्या कामाचे पैसे चुकते करीन. सहा तारखेपर्यंत तुझी सही आली नाही तर मी लारिसाला फोन करणार. हे धमकावण्यासाठी लिहीत नाही. तुला नंतर कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय.

हारिक्लिया


एस्लिंगन, १ डिसेंबर २०१२
(तातडीच्या टपालाने)

हारिक्लिया,

मी स्टुटगार्टला नाही, शेजारच्या गावात आहे. हाताखाली तीस माणसं नाहीत. मीच एकाच्या हाताखाली आहे. तो सर्बियाचा आहे, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहे, चांगला आहे. मी गिलावा करतो. खोलीत आम्ही चौघं असतो. ती जर्मन बाई घरमालकीण, फोन तिचा.

प्रोद्रोमोसने मला अठरा हजार युरो दिले होते. २००९ साली, निवृत्तीचे मिळाले त्या आठवड्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या समुद्राकडच्या लहान घरासाठी. नोटरीकडे गेलो नाही, वहीच्या कागदावर लिहून दिलं. त्या कागदाला किंमत आहे ती तुझ्यामाझ्या करारामुळे. मी त्यातून बाजूला झालो तर ती पाच घरं माझी राहत नाहीत, आणि जे माझं नाही ते मी त्याला विकलं असं होतं. तुला वाटलं मी पाच घरांच्या लोभाने सही अडवली. तसंच वाटू दिलं, कारण लोभी म्हणवून घेणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

त्याचे पैसे तुझ्या इमारतीत लागले नाहीत. लारिसाच्या रस्त्यावर मी दुसरं काम धरलं होतं, ते बुडत होतं, त्यात टाकले. महिन्याभरात काढून इकडे आणीन म्हटलं होतं. तेही काम गेलं. मग मी रात्रीच्या बसने निघून आलो. त्याला भेटलो नाही, तुलाही भेटलो नाही, आईला फक्त सांगितलं.

त्याने आजवर पोलिसांत पाऊल टाकलेलं नाही. माझ्या आईला नाताळला मासे नेऊन देतो. मला त्याची जेवढी लाज वाटते तेवढी कुणाची वाटत नाही. तो बादलीवर बसतो हे तुझ्या पत्रात वाचलं आणि दोन दिवस मला कामावर जाववलं नाही.

एक गोष्ट कधीच कुणाला बोललो नाही ती आता लिहितो. तू कलम खोडायला लावलंस तेव्हा मी बुटांकडे बघत होतो, कारण मला ते कलम हवं होतं. तू मुदत घातली असतीस तर तुझ्या कामावरून हात काढून दुसरीकडे घालायची माझी छाती झाली नसती. लारिसा रस्त्याच्या कामाला मुदत होती, दंड होता, म्हणून मी तिकडे धावलो. तुझ्याकडे काय, कुंबारा आहे, समजून घेईल. तुला दोष देत नाही. दोष माझाच. पण भीड तू धरलीस आणि तिचा गैरफायदा मी घेतला, हे खरं आहे.

सही सोबत करून पाठवतोय. लारिसाला फोन करू नकोस. प्रोद्रोमोसचं काय करायचं ते मला सुचत नाही. माझ्याकडे महिन्याला शंभर-सव्वाशे उरतात. ते त्याला पाठवत राहिलो तर मी पासष्टीला मोकळा होईन आणि तो ऐंशीचा.

अनेस्टिस


व्होलोस, ६ डिसेंबर २०१२

अनेस्टिस,

तुझं पत्र काल आलं. मी ते धुलाईखान्यात उभ्याने वाचलं आणि एक चादर जाळली.

तुला शिव्या द्यायला बसले होते. अर्धं पान लिहिलंही, मग फाडलं. शिव्या तुझ्या वाटणीच्या आहेतच, पण त्या समोर देईन. कलमाबद्दल तू लिहिलंस ते मात्र मनाला लागून राहिलं. पाच वर्षं मी स्वतःला सांगत आले की नात्याचा मान राखला आणि तोंडाला पानं पुसली गेली. मुदत मागायची मला लाज वाटली होती. ती लाज माझी होती, तुझा मान नव्हता. हे लिहायला सोपं जात नाही.

सकाळी लारिसाला फोन केला. नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बाई, पस्तावाल. म्हटलं, त्याची सवय आहे.

मग प्रोद्रोमोसकाकांना बोलावलं. त्यांनी आतल्या खिशातून तुझा वहीचा कागद काढला. चौकोनी घडी, प्लॅस्टिकमध्ये. माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, तुमच्यावर याचा काही बोजा नाही, फाडायचा तर फाडा. मी फाडला नाही. मी त्यांना विचारलं, एका वेळी किती माणसांचं रांधता? म्हणाले, बावीस, समुद्र खवळलेला असेल तर अठरा.

तर व्यवहार असा ठरला. काम संपेपर्यंत इमारतीवर जे कुणी राबेल त्याचं दुपारचं जेवण ते करणार, तिसऱ्या मजल्यावर, गॅसची शेगडी मी देते. दूर गावचे कारागीर जेवणाच्या सुटीत निम्मा दिवस घालवतात, ते वाचेल. त्याबदल्यात आणि तुझ्या कागदाच्या बदल्यात समुद्राकडचं लहान घर त्यांचं, नोटरीकडे, रीतसर. पण त्या घराला गिलावा नाही. आणि गिलाव्याला माझ्याकडे रोख पैसे नाहीत.

हे तुला कळलं असेलच. पण मी अर्धवट बोलणं सोडून दिलंय, म्हणून लिहिते. सोबत नवा करार आहे. जुन्यातून तू बाजूला झालास, पाच घरं संपली. नव्यात तू आठही घरांचा आतला गिलावा करायचा, सुरुवात प्रोद्रोमोसकाकांच्या घरापासून. सगळं झालं की चौथ्या मजल्यावरचं मागचं घर तुझं. तिथून समुद्र दिसत नाही, पण सासू-सुनांच्या गॅलऱ्या दिसतात, करमणूक होईल. तुला ते विकायचं तर विक, राहायचं तर राहा. अधूनमधून शंभर युरो पाठवून आयुष्यभर मान खाली घालण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत.

आठवं कलम नीट वाच. पहिल्या चार घरांची मुदत घातली आहे आणि ती चुकली तर दंड, तेही आहे. तारीख मोकळी ठेवलीय. ती तू घाल, तुला जमेल अशी, मला खूश करणारी नको. या वेळी खोडायला कुणी सांगणार नाही.

नोटरीबाई म्हणाल्या, तुम्ही दोघं पुन्हा? मी म्हटलं, पुन्हा.

हारिक्लिया


एस्लिंगन, १९ डिसेंबर २०१२

कुंबारा,

करार चार वेळा वाचला. सर्बियाच्या त्या पोराला समजावून सांगितला. तो म्हणाला, ही बाई आमच्याकडे मुकादम म्हणून मिळेल का?

इथे कडाक्याची थंडी पडली की काम बंद होतं. मी ५ जानेवारीला निघतो. तारीख घातली आहे, ईस्टरचा शनिवार, ४ मे. चार घरं, एकटा माणूस, तरी जमेल. दंडाच्या जागी तू 'ठरेल तो' असं लिहिलं होतंस, ते बरोबर नाही. ठरेल तो म्हणजे पुन्हा भीड. मी लिहिलंय की मुदत चुकली तर तळापासून गच्चीपर्यंतचा जिना फुकट. जिन्याचा गिलावा हे या धंद्यातलं सगळ्यात वाईट काम आहे, मान मोडते. म्हणूनच लिहिलं.

आधी प्रोद्रोमोसला भेटेन. तुझ्याकडे नंतर. तू सोबत येऊ नकोस.

थापी माझ्याजवळ आहे. एवढी एकच गोष्ट मी व्होलोसहून आणली होती.

अनेस्टिस


व्होलोस, ९ मे २०१३

कुंबारे अनेस्टिस,

तू या क्षणी आपल्या इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर आहेस आणि तुझी थापी मला ऐकू येते आहे. तरी लिहिते, कारण तोंडाने सांगायला आले तर तू कॉफी पुढे करशील आणि मी विरघळेन.

आधी जे झालं ते मांडते. परवाना मार्चमध्ये माझ्या नावाने वाढला. मीटर मंगळवारी बसला. फ्रोसोने पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि विझवला आणि पुन्हा लावला, तेव्हा तिच्या बापाने मला मिठी मारली. त्याच्या अंगाला नळाच्या गंजाचा वास येत होता. आमच्या तळघरातली तिसरी खाट रिकामी झाली. शेजारच्या घरात ट्रिकालाची पोरं येत्या आठवड्यात येतील. इस्पितळाने निम्म्या बायका कमी केल्या, मी राहिले. राहिले नसते तरी आता दुकानाचं भाडं सुरू होतंय, वाळू आली असती.

प्रोद्रोमोसकाकांच्या घराच्या किल्ल्या काल मी त्यांच्या हातात दिल्या. तू तिथे थांबला नाहीस, वाळू चाळायला खाली गेलास. ते आत गेले, भिंतीवरून हात फिरवला, कोपऱ्यात जरा जास्त वेळ. मग म्हणाले, "हात चांगला आहे त्याचा." गॅलरीत जाऊन बसले, बादलीवरच. खुर्ची आणू का म्हटलं तर म्हणाले, असू दे, आता बादलीही माझी. मग सायप्रसहून एक जहाज लागलं आणि ते मला त्याच्या स्वयंपाक्याबद्दल बराच वेळ सांगत होते. जानेवारीत तू त्यांना काय बोललास ते मी विचारलं नाही आणि विचारणार नाही.

आता मुद्दा. आपल्या करारातल्या आठव्या कलमाप्रमाणे चार घरांचा गिलावा ४ मेपर्यंत पुरा व्हायचा होता. तीन घरं वेळेत झाली. चौथं काल संध्याकाळी, ८ तारखेला झालं. चार दिवस उशीर. मधे ईस्टर होता हे मला माहीत आहे, पण तारीख तू घातलीस आणि ईस्टर तुलाही माहीत होता. स्मारो म्हणते, आई, चार दिवसांसाठी काय. मी तिला सांगितलं, तुझ्या नोनोसला विचार.

तर जिना फुकट. तळापासून गच्चीपर्यंत.

सोमवारी सकाळी सातला सुरुवात कर. दुपारी काका चण्यांची आमटी करणार आहेत, आणि मी तुझ्या हाताखाली गिलाव्याचा मसाला कालवायला येते आहे. कलमात ते नाही.

हारिक्लिया